वाकायचं किती?

४ एप्रिल, मंगळवार

पाठीला पट्टी! खरोखरची, लाकडी! मकाबेबाईंनी कोटात मागून सरकवली आणि म्हणाल्या, "चिझुरू, आता वाक. कमरेतून. मानेतून नाही." मी वाकले मानेतूनच — पट्टी कॉलरमधून वर आली आणि डोक्यात टण्! सगळ्या नव्या मुली फिदीफिदी. मीही.

बाई महिनाभर शिकवणार. मग ठरणार — दारातलं स्वागत, की तळघरात खोकी बांधणं. मला दारच हवंय! ओसाकातल्या एवढ्या मोठ्या दुकानाचं दार, शाळेत असल्यापासून हवंय. पण मी ही अशी लांबलचक, आणि उंची लपवायला कुबड काढून चालणारी. आईचं ठरलेलं, "जरा वाकून चाल गं, या खांबाशी लग्न कोण करणार?"

६ एप्रिल, गुरुवार

अंग नुसतं ठणकतंय. गरम पाण्याच्या टबातच झोप लागली.

१३ एप्रिल, गुरुवार

आज डोकं दुखलं नाही! खांद्यांना चिकटवायच्या औषधी पट्ट्या पर्समध्ये तशाच. बाई म्हणतात, "खांदे कानाला लावून बसायचीस, मग डोकं दुखेल नाहीतर काय!"

आणि मान वर केली की आवाजही मोठा निघतो माझा! इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे. एका काकांना छत्र्यांचा मजला सांगितला, तर पार लिफ्टपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. पूर्वी लाजेनं मेले असते. आज पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

२० एप्रिल, गुरुवार

मेले! मेले, मेले!

आज दार उघडताना पहिल्यांदा रांगेत उभं केलं. स्वागताला थोडंसं वाकायचं, खोल वाकायचं ते फक्त माफी मागताना — हे तर शेंबडं पोरही जाणतं. पण पहिल्या आजीबाई आत आल्या आणि मला इतका आनंद झाला की मी गेले ती पार खाली! आणि तिथेच राहिले.

आजी दचकल्या. "अगंबाई! काय झालं? माझ्या नातीचा इथे शिवायला टाकलेला किमोनो बिघडवलात का?" शेजारच्या मुलींना वाटलं, दुकानाची काहीतरी भयंकर चूक झालीय. त्याही खाली. अख्खी रांग खाली! मॅनेजर कुरामोची धावत आले आणि कशाबद्दल ते न विचारताच आमच्याहून खोल वाकले. मग आजींनाच अवघडल्यासारखं झालं, त्याही वाकल्या. आता आधी उठणार कोण?

मीच उठले. ताठ उभी राहिले, त्यांच्याकडे सरळ बघितलं. "काही बिघडलं नाही, आजी. दारातला पहिलाच दिवस आहे माझा. आनंदाच्या भरात जास्त वाकले."

आजी अशा हसल्या की टोपी पडली! कुरामोची मात्र लालबुंद. आता माझी काही धडगत नाही. तळघर पक्कं.

२१ एप्रिल, शुक्रवार

मकाबेबाई — "वाकलीस ती चूकच. उठलीस मात्र झकास!" बाईंच्या तोंडून झकास! जेवणाच्या सुट्टीत भाताचे दोन गोळे जास्त खाल्ले.

२८ एप्रिल, शुक्रवार

पास! दार माझं! कुरामोचींनी स्वतः सांगितलं. आणि लगेच पुढे — "फक्त एक आहे. तुम्ही अशा ताठ उभ्या राहता ना, त्यानं रांग वरखाली दिसते. मान आणि खांदे जरा... खाली घ्याल?"

साहेबांना अशा वेळी 'बघते हं' म्हणायचं असतं. तोंडावर नकार कोणी देत नाही. मकाबेबाई शेजारीच उभ्या.

मी म्हटलं, "नाही."

सोमवारपासून तळघरात, खोकी बांधायला. रडू येईल असं वाटलं होतं. अजून तरी हसूच येतंय.