ओटी वॉर्डातच

शनिवार संध्याकाळ, सावंतवाडी

शेवटी सासूबाईंना ‘नाही’ म्हणालेच!

सातव्या महिन्यात प्रेशर वाढलं म्हणून इथे रुग्णालयात दाखल झाले, आणि उद्याच घरी ओटीभरण. त्या न्यायला आल्या. “पाय सगळ्यांचेच सुजतत गो. पावणे येतले, चल घराक.”

पायांचं सोडा. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते कुणाला दिसणार? सिस्टरांना सांगितलं, तर त्यांनी लगेच प्रेशर मोजलं, डॉक्टरांना बोलावलं, औषध दिलं, कुशीवर झोपवलं. सासूबाईंना स्पष्ट बजावलं, “घरी नेलंत तर झटके येतील. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे.”

तरी त्या माझी पिशवी भरू लागल्या. नवरा खिडकीबाहेर बघत उभा. अरे, तू तरी बोल की! मग मीच पिशवी ओढून घेतली. “मी येवचंय नाय. ओटी हयच भरा, नायतर भरू नकात.”

त्या तरातरा निघून गेल्या. नवऱ्याला आता वाचा फुटली, “लोक काय म्हणतले?”

म्हणू देत. प्रेशर थोडं उतरलंय, काजवेही थांबलेत. सासूबाईंची समजूत काढायला जन्म पडलाय. आधी मी आणि बाळ, आम्ही दोघं जगणार.