मांडीवरच्या गिटारीचे लाकूड

हिलो, मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

परमप्रिय लुकिया आत्यास,

कैपोकडून मनःपूर्वक अलोहा. तुझा गुडघा कसा आहे? मोलोकाईला या आठवड्यात वारा फार होता असे ऐकले, तेव्हा तुझ्या अळूच्या वाफ्यांची पाने फाटली नसावीत अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. नात कहियाउ हिला खालचे दोन दात आले असून ती ते ज्याच्या त्याच्या खांद्यावर तपासून पाहते. तिच्या पहिल्या वाढदिवसाची लुआउ मेजवानी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ठरल्याप्रमाणेच आहे. डुक्कर सांगून ठेवले आहे, मंडप ठरला आहे, आणि तू चार दिवस आधी अळकुड्या घेऊन येणार व त्यांची पोई आपल्या हाताने कुटणार हे गावभर सांगून झाले आहे. (पोई कुटायच्या पाटाला तेल लावले का, असे तू फोनवर तीनदा विचारलेस. त्याविषयी खाली सविस्तर लिहितो.)

आता एका कोड्याकडे वळतो. ते तुझ्याही नजरेस आले असेल. कोणतीही गिटार पाहा. तिच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या डोक्याकडे ऐसपैस असतात आणि पोटाकडे जाता जाता एकमेकींना खेटतात. करणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणावे, तर जगातल्या सगळ्याच कारागिरांना एकाच ठिकाणी जागा कशी कमी पडते? दुसरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. आपल्याकडे मांडीवर आडवी ठेवून वाजवतात त्या गिटारीवर लोखंडी कांडी तारांवरून नुसती घसरते, खालच्या लाकडाला ती कधीही टेकत नाही. मग तिथे रेघा कशासाठी आखलेल्या असतात? शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले, पण बाबांच्या मांडीशी बसून ते वाद्य ऐकताना हे दोन प्रश्न मला एकदाही पडले नाहीत. ते पडले गेल्या जानेवारीत.

त्याचे निमित्त तुला माहीत आहेच. आपल्या घरातल्या प्रत्येक पहिल्या बाळाच्या लुआउला बाबा स्वतःचे गाणे वाजवीत. बाबा गेल्यापासून ते गाणे वाजलेले नाही आणि त्यांच्या गिटारीला वाळवी लागली. (मी पेटी उघडली तेव्हा वरचे व्हार्निश तेवढे गिटारीच्या आकारात शिल्लक होते. उचलायला गेलो तर तेही राहिले नाही.) कहियाउसाठी ते गाणे मी वाजवीन असा शब्द मी सर्वांसमक्ष दिला, आणि दुसऱ्या दिवशी मासाओच्या दुकानात गेलो. तुला तो आठवत असेल, बाजाराच्या कोपऱ्यावरचा, शाळेत मागच्या बाकावर बसणारा. भिंतीवर एक निळी, चकचकीत, मांडीवरची गिटार टांगलेली होती.

मासाओ म्हणाला, "मास्तर, तयार आहे, सुरात आहे. मांडीवर ठेवा आणि वाजवा."

मी त्याला समजावले, की वस्तू स्वतः घडवल्याशिवाय तिचे तत्त्व कळत नाही.

"म्हणजे भात खायचा झाला तर तुम्ही आधी शेत घेणार," तो म्हणाला. "घ्या बापडे. ही इथेच आहे. कुठे जात नाही."

घरी येऊन बायकोला हे सांगितले तेव्हा मोमी कपडे वाळत घालत होती. "पहिल्या वाढदिवसाला वाजवायचीय ना? मग विकत आणा. तुम्ही करायला घेतलीत तर तिच्या लग्नाला वाजेल, तीही लग्न उशिरा केलं तर."

आत्या, माझी बाजू नीट समजून घे. मांडीवरची गिटार हे घरी करण्याजोगे सर्वांत सोपे वाद्य आहे, हे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. तिला पोकळ पोट नको, वाकवलेल्या फळ्या नकोत, मान गोलसर तासायला नको, कारण मान मुठीत धरायचीच नसते. एक जाड, सरळ, सुकी फळी हवी. दोन टोकांना तारा उचलून धरतील असे दोन उंचवटे हवेत. (मी दाराच्या लोखंडी कोनाचा तुकडा वापरला. ते दार तेव्हापासून जरा मोकळेपणाने वागते.) तारा पिळायच्या खुंट्या, तारांखालचा आवाज पकडणारा चुंबक आणि कांडी हे मात्र विकत आणावे लागते. मोमीच्या मते याचा अर्थ गिटार विकत आणून फळी तेवढी घरची, असा होतो. हे म्हणणे मला शास्त्रशुद्ध वाटत नाही.

रेघांचे कोडे मला फळीवर पट्टी ठेवल्यावर उलगडले, आणि त्या आनंदात मी मोमीला दोनदा व टपाल देणाऱ्या बाईला एकदा ते समजावले. आता तुला सांगतो. जेवणाच्या पाटावर पोईचे भले मोठे वाडगे ठेवले आहे आणि माणसांची रांग लागली आहे अशी कल्पना कर. नियम एकच: ज्याने त्याने वाडग्यात जेवढी पोई उरली आहे तिचा अठरावा हिस्सा घ्यायचा. (काटेकोर बोलायचे तर अठरावा हिस्सा आणि थोडी अधिक, पण पोईच्या बाबतीत सगळेच थोडी अधिक घेतात.) पहिल्याला भरपूर मिळते, दुसऱ्याला जरा कमी, विसाव्याला चमचाभर, आणि वाडगे कधीच रिकामे होत नाही. तार म्हणजे ते वाडगे. प्रत्येक सूर उरलेल्या तारेचा तोच हिस्सा कापून घेतो, म्हणून रेघा पोटाकडे दाटत जातात. बारावी रेघ बरोबर मध्यावर येते. माझी तार साडेबावीस इंच, तेव्हा बारावी रेघ सव्वाअकरा इंचांवर. मी मोमीच्या पांढऱ्या नखपॉलिशने रेघा मारल्या आणि सव्वाअकरा इंचांवर केसभरही चूक निघाली नाही. त्या रात्री मी फार समाधानाने झोपलो.

सकाळी वाजवून पाहिले तर शेजारचा कुत्रा रडू लागला. सगळे सूर उतरलेले होते. तारा तपासल्या, खुंट्या तपासल्या, रेघा पुन्हा मोजल्या. तीन दिवस गेले. शेवटी मासाओला बोलावले. तो ओटीच्या पायरीवर बसला, एक मिनिट माझे हात पाहिले आणि हसत सुटला. "मास्तर, तुम्ही साधी गिटार वाजवल्यासारखी कांडी रेघेच्या अलीकडे ठेवताय. तिथे पट्टी बोट सांभाळून घेते, इथे कोण सांभाळणार? कांडी रेघेच्या डोक्यावर पाहिजे." हे दुसऱ्या कोड्याचे उत्तर. त्या रेघा हाताला अडवायला नाहीत, डोळ्याला दाखवायला आहेत. जे वाद्य हाताला कुठेच अडवत नाही ते माणसाच्या गळ्यासारखे रडू शकते, आणि नेमके त्यामुळेच कुत्र्यासारखेही रडू शकते.

(मासाओने जाता जाता विचारले, "ती निळी काढून ठेवू का?" मी ठामपणे नको म्हणालो.)

मात्र खरी अडचण फळीची होती. पहिली फळी आंब्याची घेतली. ती ओली निघाली आणि तारा ताणताच एवढ्या मोठ्याने फाटली की मोमी नारळ पडला समजून बाहेर धावली. दुसरी फळी ओटीखाली सापडली, सुकी, सरळ, अगदी हवी तशी. ती तिथे का ठेवली होती हे ती काढल्यावर कळले. आता ओटीचा कोपरा समुद्राकडे झुकलेला आहे, लुआउला पाहुण्यांना घराकडच्या बाजूला बसवू. वर सांगितलेल्या रेघा आणि कुत्र्याचे रडणे याच फळीवरचे, पण सूर जुळल्यावरही तिचा आवाज बद्दच निघाला. तिसरी फळी घरातच मिळाली. जुने कोआचे लाकूड, दोन इंच जाड, वर्षानुवर्षे एका जागी पडून मुरलेले. आत्या, काय तिचा आवाज! बाबांचे गाणे मी तिच्यावर पहिल्यांदा वाजवले तेव्हा मोमी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि गाणे संपेपर्यंत पुन्हा सोडला नाही. नंतर एवढेच म्हणाली, "आता हे आत्यांना तुम्हीच कळवायचं. मी फोन उचलणार नाही."

म्हणून हे पत्र. विकत की घरची, या वादाचा माझा निष्कर्ष असा, की मांडीवरची गिटार विकत घेण्यापेक्षा घरी करावी. तिच्यात विकत न मिळणारे काहीतरी येते. तुझ्या गुडघ्याला जपावे. घरातल्या सर्वांना अलोहा, आणि वाफ्यांनाही.

तुझा आज्ञाधारक भाचा,
कैपो

ता. क. – पाटाविषयी खाली लिहितो असे म्हटले होते, ते राहून गेले. पाटाला तेल लावले आहे. तुझ्या बाजूला.

ता. क. दुसरा – हे वाक्य अपुरे आहे हे मला कळते. पोईचा आपला पाट दोघांचा, समोरासमोर बसून कुटायचा. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला बाबा, आणि दोघांचे वरवंटे आळीपाळीने पडत. बाबा गेल्यापासून अकरा वर्षे त्यांच्या बाजूला कोणी बसलेले नाही. तू दर वेळी येतेस, आपल्या बाजूला बसतेस, एकटीच कुटतेस, आणि तुझ्या एका ठोक्यानंतर दुसऱ्या ठोक्याएवढी जागा मोकळी सोडतेस. आम्ही सगळे ते ऐकतो. ती तिसरी फळी म्हणजे बाबांची बाजू. मी पाट बरोबर मध्यावर कापला. सव्वाअकराला जेवढ्या काळजीने मोजले होते तेवढ्याच काळजीने मोजून. तुझ्या बाजूला करवतीचा ओरखडाही नाही.

ता. क. तिसरा – तू हो म्हणाल्याशिवाय मी ती लुआउला बाहेर काढणार नाही. तू नाही म्हणालीस तर मासाओकडची निळी वाजवीन. खरे म्हणजे ती मी गेल्याच आठवड्यात घेऊन ठेवली आहे, कपाटामागे, मोमीला माहीत नाही. अतिशय सुरात आहे. वर मी जो निष्कर्ष काढला आहे तो या एका वाक्यापुरता बाजूला ठेवावा. पण हो म्हणालीस, तर माझी एवढीच विनंती आहे: तू पोई कुटायला बसशील तेव्हा मी समोर बसेन, आणि तू जी जागा मोकळी सोडतेस तिथे तार छेडीन.

ता. क. शेवटचा – रागावण्यापूर्वी एक सोपा प्रयोग कर, दोन मिनिटांचा आहे. स्वयंपाकघरातली कोणतीही लाकडी फळी घे, पाव कापायची चालेल. वरच्या टोकापासून साधारण पाव लांबीवर ती अंगठा आणि एका बोटात सैलसर धर, बाकीची खाली लोंबू दे. आता दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मधोमध ठोक आणि कान जवळ ने. ठप्प म्हणाली तर तिच्यावर पाव कापत राहावे. मी पाट कापल्यावर दोन्ही अर्धे असेच दोरीने टांगून ठोकले होते. तुझी बाजू ठप्प म्हणाली, ती अजून कामावर आहे, पोटात ओल धरून आहे. बाबांची बाजू घुमू लागली तशी मी वेळ मोजायला तुझे नाव म्हणायला सुरुवात केली, लुकिया केअलोहापाउओले, म्हणजे न संपणारी माया, बाबा हाक मारीत तसे पूर्ण आणि सावकाश. नाव संपले तरी ती घुमत होती. तू आपली फळी ठोक, तुझे नाव म्हण, आणि कुठल्या अक्षराला ती थांबते ते मला फोन करून सांग.