विहीणबाईंना ‘सी’ म्हटल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (दोन्ही गुडघे रजेवर असल्याने सहाच अंगांचा समजावा). तुझी कंबर काय म्हणते? भावजींचा खोकला गेला की अजून मुक्कामी आहे? इकडे सगळ्यांची तब्येत उत्तम. फक्त काय चाललंय ते मला कळत नाही, एवढंच.

चिमणीचं लग्न ठरलंय ते तुला ठाऊकच आहे. जावई इकडेच नोकरीला, मुलगा लाखात एक, पण त्याची आई समुद्रापलीकडे राहते आणि तिला स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही. विहिणीशी दोन शब्द तरी बोलता यायला हवेत म्हणून तुझ्या भावजयीने आम्हा दोघांची नावं संध्याकाळच्या वर्गात घातली (मला विचारून, म्हणजे मी मशीनवर शिवत असताना विचारून). वर्ग भरतो शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर. बसताना आधी पोट आत, मग गुडघे, मग देवाचं नाव.

पहिल्याच संध्याकाळी बाई आत आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ओला!” मी शर्ट चाचपला, कोरडा होता. (तो त्यांचा नमस्कार, हे मागाहून कळलं.) मग त्यांनी घराचं चित्र वर धरून विचारलं, “कासा?” मी म्हटलं, बरा आहे. कुणी आभार मानले की त्या म्हणतात ‘दे नादा’. मी पडलो शिंपी, मला ऐकू आलं ‘दे नाडा’. पुढच्या तासाला मी लेंग्याच्या नाड्याची चांगली जाड गुंडाळी नेऊन दिली. बाईंनी आभार मानले. त्यावर मी काय म्हणायला हवं होतं, ते आत्ता हे लिहिताना सुचलं. शेजारच्या बाकावरची दाताची डॉक्टरीण मला प्रेमाने ‘काका, काका’ करायची, तर बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की त्या भाषेत काका म्हणजे तान्ही मुलं लंगोटात जे करतात ते. तेव्हापासून ती मला नुसतं ‘अहो’ म्हणते आणि नाक मुरडते. त्यात त्यांच्याकडे नपुंसकलिंगच नाही. मग ते मूल, ते कुत्रं, ते बटण बिचारं जाणार कुठे? बाई म्हणाल्या, काका, प्रश्न फार विचारता. (म्हणाल्या तसंच. स्वतःच!)

तू-तुम्ही त्यांच्यातही आहे, पण नवरा-बायकोत म्हणे तूच. जोडीजोडीने बोलायचा सराव होता. तुझी भावजय आधी लाजली, पदराशी खेळली, आणि मग जी सुटली! तू कोण, तू कुठे राहतोस, तुला काय आवडतं? इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मला नेमका ‘टेबल’ एवढाच शब्द आठवला, म्हणून म्हटलं, मला टेबल आवडतं. घरी अजून ऐकवते.

तर परवा विहीणबाईंचा फोन आला. हिने स्पीकर चालू केला आणि मला खुणावलं, बोला. विहीणबाई पाण्याच्या नळासारख्या बोलल्या. मधे कुठेतरी चिमणीचं नाव आलं, शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न असावा. मी म्हटलं, “सी.” (म्हणजे हो. वर्गात तेवढं पक्कं झालंय.) त्या थांबल्या. हळू आवाजात पुन्हा काही विचारलं. मी आणखी जोरात म्हटलं, “सी, सी!” पलीकडे चक्क रडू फुटलं. हिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच टेबल आहे.

तासाभरात चिमणीचा फोन. तीही रडतेय. “बाबा, मला वाटलं होतं तुम्ही कधीच हो म्हणणार नाही! मला तर विचारायचाच धीर होत नव्हता.” मी म्हटलं, अगं त्यात काय एवढं. फोन ठेवल्यावर हिला विचारलं, मी हो कशाला म्हटलं? ही कापड घडी करत होती, मान वर न करता म्हणाली, “त्या एकट्या असतात. लग्नानंतर पोरं तिकडे राहायला येऊ देत का, असं विचारत होत्या. कायमची.” म्हटलं, मग तू मला थांबवलं का नाहीस? म्हणाली, “मला वाटलं, तुला समजलंय.”

‘नो’ हा एक शब्द मला वर्गात न जाताही येत होता, ताई.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की चिमणी तुझा शब्द मोडत नाही. तिला फोन करून सांग की बाबांची ऐकण्यात चूक झाली.

ता. क. २ : फोन करू नकोस. पत्र खिशात ठेवून वर्गाला गेलो होतो. आज भविष्यकाळ झाला. बाईंनी प्रत्येकाला एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘मि इखा विविरा लेखोस’. माझी मुलगी लांब राहील. बाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, एकही चूक नाही.

ता. क. ३ : तुझ्या भावजयीला वरच्या वर्गात घातलंय आणि मला आहे तिथेच ठेवलंय. मला आता जोडीदार नाही. तू येशील का? बाक अरुंद आहे, पण आपण दोघं मावू.