बाबांचं शिसं

गुरुवार, संध्याकाळ. सनद, आखात.

आठवडा खलास, उद्या शुक्रवारची सुट्टी. बाल्कनीत बसलोय, वाऱ्यात धूळ आहे आणि डोक्यात अजून त्या गोळ्याच. जड ओतायच्या की हलक्या?

बाबांची, लिव्हर ओढून गोळी चढवायची रायफल त्यांच्या मागे आता कुडाळला दादाकडे असते, पीक राखायच्या परवान्यावर. गोळ्यांचा जुना साचा झिजला. नवा कुठल्या वजनाचा करू, असं त्याने मला विचारलं, मी इंजिनिअर म्हणून. टोक चपटं हवं एवढं नक्की, कारण बॅरलखालच्या नळीत गोळ्या एकामागे एक असतात, एकीचं टोक पुढच्या गोळीच्या पाठीला टेकलेलं; टोकदार असलं तर धक्क्याने आतच बार उडायचा. आठवडाभर हेच डोळ्यांपुढे येतंय. अंधारात, एकमेकींना टेकून झोपलेल्या.

आज फोनवर सांगून टाकलं, जडच कर, डुक्कर जागच्या जागी पडेल.

दादा हसला. "डुकरांक कोण मारता रे? बांधाच्या मातीत झाडतंय. आवाजान पळतत."

मग वजनाची चौकशी कशाला, मी विचारलं.

"शिसा बाबांचाच आसा मरे. मातीतसून उकरून काढूचा, वितळवून परत ओतूचा. हलकी गोळी फुटता, गावणा नाय. जड हळू जाता, पण अख्खी परत गावता."

म्हणजे इतकी वर्षं तेच शिसं? बाबांच्या हातचं? बांधात जातं, परत येतं, पुन्हा नळीत टेकून झोपतं...

मग दादाने हळूच विचारलं, "तू कधी येतलंस?"

सवयीने तोंडातून 'इंशाल्ला' गेलं, देवाची इच्छा असेल तर. इथे तो शब्द किती सैल असतो, 'नक्की'पासून 'कधीच नाही'पर्यंत काहीही, ते दादाला ठाऊक नाही. बरं आहे.