दात कुणी काढले?

तीर्थस्वरूप आक्कांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून मीच आहे) साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? दातांचं विचारत नाही, नात्यात धंदा आणलेला तुम्हाला खपत नाही.

पत्रास कारण तुमची बहीण. परवा शेजारणीबरोबर बाहेर गेली ती गाल धरूनच परतली. म्हणाली, "त्या मिशाळानं इतके दात काढायला लावले, जबडा दुखला बाई!" आक्का, माझ्या हातातली पकड गळून पडली. घरात दंतवैद्य असताना बाहेर दात काढायचे? आणि वर खूश? मी तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. (सगळे दात जागच्या जागी.) मग उलगडा झाला. मिशाळ म्हणजे थेटरातल्या मूकपटातला दंतवैद्य, आणि दात काढले ते हसून!

मीही तिच्याबरोबर जाऊन ते चित्र पाहिलं. रोग्याच्या छातीवर गुडघा काय रोवतो, दाताला दोरी बांधून दार काय आपटतो! पकड तर चक्क उलटी धरलेली. (शिवाय रोगी ओरडलेला ऐकूच येत नाही. असे मुके रोगी मिळाले असते तर मीही नाव काढलं असतं.) आणि ही माझ्या शेजारी बसून हसता हसता रुमालानं डोळे पुसतेय. लग्नापासून माझ्या एकाही गोष्टीला ती इतकी हसली नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

आणि काल तोच मिशाळ सुजलेला गाल घेऊन माझ्या दवाखान्यात! त्यांची मंडळी पुढचं चित्र इथेच काढतायत म्हणे. म्हटलं, ये बाबा, दात काढणं कशाला म्हणतात ते दाखवतो. शास्त्रशुद्ध पकड लावली, जोर केला, आणि खुर्चीचा पाय मोडला. तो, मी आणि पिकदाणी एकदमच खाली. माझ्या एका हातात त्याचा दात, दुसऱ्या हातात त्याची मिशी (खोटी निघाली!). ओरडला तो मात्र चांगला ऐकू आला. मान वर केली तर दारात तुमची बहीण, चौकट धरून हसतेय. माझ्याकडे बघून. त्याच्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

तरी तुम्ही थोरल्या, तिला चांगलं खडसावा, नवऱ्याचा धंदा हसण्यावारी नेऊ नये म्हणून. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दातवाला

ता. क. खडसावू नका.

पुन्हा ता. क. सुतारानं खुर्ची फारच पक्की केली आहे, ढकलली तरी हलत नाही. ही सकाळपासून दारात डोकावते आणि तशीच परत जाते. तुमच्या माळ्यावर ती लंगडी खुर्ची आहे ना, तेवढी पाठवा. कृपा करून दुरुस्त करू नका.