बारा शब्द, सहा ताटं

१२ जानेवारी २०२५
लिंबाजी मास्तरांच्या दहाव्याला जाऊन आलो. पोरं मास्तरांचा फोन मधे ठेवून बसली होती. लॉक उघडेना. गाडीचा नंबर, नातीची जन्मतारीख, सगळं टाकून झालं. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं: माणूस जातो, कागद राहतो. चारचौघांनी माना हलवल्या. दोन पॉलिसींचं बोलणंही झालं. दहाव्याला धंद्याचं बोलू नये, पण त्यांनीच विचारलं.

वीस वर्षं विमा विकून राहिलो. मुखेड तालुक्यात मरणाचा माझ्याइतका विचार कुणी केला नसेल.

येताना गाडीवर डोक्यात आलं, आपलं काय? पॉलिसीला नॉमिनी आहे, प्लॉटला वारस आहे. पण क्रिप्टोला? त्याला ना शाखा, ना मॅनेजर, ना नॉमिनीचा रकाना. बारा इंग्रजी शब्द हीच चावी. शब्द ज्याच्याकडे, माल त्याचा. शब्द गेले की माल गेला, मग वकील करा नाहीतर नवस बोला.

संकल्प: याच महिन्यात व्यवस्था लावायची.

१३ जानेवारी
चार वर्षांपूर्वी नांदेडच्या हरिओमनं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, फोनमध्ये ॲप टाकून कॉइन घेऊन दिले. किती, ते इथं लिहीत नाही. भिंतीलाही कान असतात. तो म्हणाला होता, काका, दहा वर्षं उघडून बघायचंच नाही. नाही बघितलं. शिस्त म्हणजे शिस्त. आता अंदाजे ऋतुजाचं एमडीपर्यंतचं शिक्षण त्यात निघतंय. पोरगी लातूरला नीटचा क्लास करून राहिली. बापानं काय करून ठेवलंय, तिला कल्पना नाही.

तारामतीला सांगावं का? विचार केला आणि सोडून दिला. तिला ओटीपी समजावून सांगताना दोन दिवस भांडण चाललं होतं. बायकांना टेन्शन द्यायचं नसतं.

२० जानेवारी
व्हिडिओ बघितला. कागद जळतो, भिजतो, उंदीर खातो. म्हणून परदेशातले लोक आता हे शब्द स्टीलच्या पत्र्यावर कोरून ठेवतात. त्याला फार मोठा शोध म्हणतात. मला हसू आवरेना. आमच्याकडं वाटीवरसुद्धा नाव असतंय.

२३ जानेवारी
ताहेरभाईच्या भांड्यांच्या दुकानात सहा ताटं घेतली. एक नंबर माल, जड. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर आणि दोन-दोन शब्द घालून घेतले. कंपनीच्या नव्या स्कीमची नावं आहेत, असं सांगितलं. कोणाला काय संशय येणार! ताहेरभाईनं विचारलं, कुणाकडून, कुणाला, तारीख काय घालू? म्हटलं, काही नको. तो म्हणाला, देणाऱ्याचं नाव नसलेलं ताट आयुष्यात पहिल्यांदा करून राहिलो.

शब्द या डायरीत लिहिणार नाही. एकही नाही.

२४ जानेवारी
जागा सापडली. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे तारामतीची भांड्यांची पत्र्याची पेटी. तिला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ती देवळात गेली तेव्हा ताटं क्रमानं आत ठेवली.

शब्दांचा जुना कागद गॅसवर जाळला. फोनमधलं ॲपही काढून टाकलं. आता जगातला कुठलाच हॅकर मला हात लावू शकत नाही.

घरच्यांना कळणार कसं, तेही ठरलंय. शेवटच्या घडीला तारामतीला जवळ बोलवायचं आणि फक्त म्हणायचं, "पेटी." पुढचं तिला आपोआप कळेल.

हलकं वाटून राहिलं. आता केव्हाही मरायला हरकत नाही. बीपी तपासला, नॉर्मल.

९ फेब्रुवारी
बारा शब्द मनातल्या मनात म्हणून बघितले. नऊ आले. बाकीचे वेळ आली की येतील.

२२ एप्रिल
लग्नसराईनं दमवलं. औसा, नायगाव, मुखेड, सगळीकडं हजेरी लावली. आहेराचं सगळं तारामती बघते, मी त्यात लक्ष घालत नाही. संसारात कामाची वाटणी पाहिजे.

२७ एप्रिल
सकाळी नायगावहून महामाया आक्काचा फोन. माझी थोरली बहीण. गेल्या महिन्यात तिच्या धाकट्याचं लग्न झालं. मला वाटलं सत्यनारायणाला बोलावते. तर एकदम:

"रेवण्या, सासुरवाडीला एक नंबर अन् सख्ख्या बहिणीला चार नंबर?"

मला काही समजेना. मग हळूहळू उलगडा झाला. औशाला माझा मेव्हणा श्रीमंत त्याच्या घरच्या लग्नात सगळ्यांना ताट उलटं करून दाखवत होता की दाजींनी आम्हाला एक नंबरचा मान दिला. आक्का तिथं हजर होती. घरी येऊन तिनं स्वतःचं ताट उलटं केलं, तर चार. आणि खाली इंग्रजीत काहीतरी. नवी सून इंग्लिश मीडियमची. तिनं वाचून दाखवलं: डंकी, अँग्री. नव्या नवरीला गाढव म्हणालास, असं म्हणून आक्कानं फोन आपटला.

धावत जाऊन पेटी उघडली. आत एकच ताट. पाच नंबर.

तारामतीला सहज विचारलं, इथं काही ताटं होती का? ती म्हणाली, तुमच्या कंपनीनं दिलेली ना? मागच्या वर्षी घड्याळं दिली, यंदा ताटं दिली असतील. जड होती, आहेराला बरी दिसली, म्हणून हाताला येईल तसं एकेक काढत गेले. मी म्हटलं, छान केलंस. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिनं न विचारताच पाणी आणून दिलं आणि पंखा वाढवला.

शब्द परत आठवून बघितले. सहा आले. त्यातले दोन आक्कानं सांगितलेले.

२८ एप्रिल
घाबरण्यासारखं काही नाही. योजना तयार. चौकशीत कळलं, दोन आणि तीन नंबर मुखेडातच आहेत, शिवशंकर आडत्याकडं आणि पलीकडच्या गल्लीतल्या शिवकुमारकडं. दोघांना फोन करून सांगितलं, कंपनीनं माल परत मागवलाय, स्टीलमध्ये दोष निघालाय, बदलून देतो.

संध्याकाळपर्यंत दोन्ही ताटं दारात. मोहीम यशस्वी.

२९ एप्रिल
बाजारात कुजबुज आहे की रेवणसिद्धनं दोषाचं स्टील आहेरात दिलं. शिवशंकरच्या आईचं पोट दुखून राहिलं ते ताटामुळंच, असं ठरलंय. हॉटेलात एकानं विचारलं, आमची पॉलिसी पण त्याच लॉटमधली हाय का? लोकांना मोठी कामं समजत नाहीत.

१ मे
आक्काचा रुसवा काढायला नवं ताट घेतलं. ताहेरभाईला म्हटलं, मोठा एक नंबर घाल आणि खाली 'सौ. महामाया यांना मानाची भेट' लिही. तो चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाला, "साब, मेरी नाझनीन को तुम्हारे घर से छह नंबर आया. मेरेइच हाथ का काम, मैं पहचाना. बोला नहीं."

आलं लक्षात. त्याच्या पोरीच्या लग्नात तारामतीनं सहा नंबर दिला होता. त्यानं आक्काचं ताट करून दिलं आणि म्हणाला, सहा नंबर उद्या घरी आणून देतो.

२ मे
ताहेरभाई आणि बानोभाभी सहा नंबर ताट घेऊन आले. त्यावर शिरखुर्म्याचं भांडं. दिलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, असं भाभी म्हणाल्या. दुसरं ताट घ्या म्हटलं तर घेईनात. तारामतीनं विचारलं, हे का परत करून राहिलात? ताहेरभाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पॉलिशला दिलं होतं. शिरखुर्मा उत्तम होता.

३ मे
नायगावला जाऊन आक्काला नवं ताट दिलं, चार नंबर उचललं. आक्का खूश. मला पोटभर जेवू घातलं.

मी बसमध्ये बसेपर्यंत तिनं नव्या ताटाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: खरा एक नंबर इथं आहे.

लगेच श्रीमंतचा मेसेज: एक नंबर दोन कसे?

५ मे
मुखेड–लातूर–औसा, बस बदलत. उन्हानं जीव गेला. काल ऋतुजाची परीक्षा झाली, तरी लातुरात तिच्याकडं उतरलो नाही. कामाची माणसं कामाला लागली की असंच असतं.

श्रीमंतनं ताट शोकेसमध्ये ठेवलंय. त्याला हार घातलाय. किल्ली कमरेला. मी विषय काढला तर म्हणाला, दाजी, दिलेला आहेर परत मागायला आलेला जावई आमच्या घराण्यात पहिलाच. म्हटलं, परत नको, नुसती पाठ दाखव. तर त्याला वाटलं नंबर खोडायला आलो. त्यानं शोकेसकडं पाठ केली आणि तिथंच जेवायला बसला. मला वाढलं ते साध्या ताटात.

एकाच ताटानं अडवलंय. पहिले दोन शब्द नसले तर बाकीच्या दहांचा उपयोग शून्य. ऋतुजाचं एमडी श्रीमंतच्या शोकेसमध्ये हार घालून उभं आहे.

परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा भीती वाटली. खरी.

६ मे
तारामतीला सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता, म्हणजे होते, पण वेळ नव्हता. ती भेंडी चिरत होती. कॉइन, बारा शब्द, ताटं, पेटी, सगळं सांगितलं. शेवटच्या घडीला 'पेटी' म्हणणार होतो, तेही. तिला वाटेल तेव्हा ती ओरडू शकते, पण ओरडली नाही. भेंडी पूर्ण चिरली, विळी आडवी केली आणि म्हणाली:

"वीस वर्षं लोकाच्या घरात बसून सांगून राहिलात, बायकोला विश्वासात घ्या, कागद कुठंय ते दाखवून ठेवा. माझ्या घरी कधी येणार व्हता, एजंटसाहेब?"

मी भेंडीची देठं गोळा केली. उत्तरं माझ्याकडं बरीच असतात.

मग तिनं श्रीमंतला फोन लावला. चार वाक्यं बोलली. एवढंच ऐकू आलं की, दादा, एक नंबर माझाच हाय, तो घेऊन ये.

७ मे
श्रीमंत स्वतः ताट घेऊन आला. हारासकट. माझ्याशी बोलला नाही, तिच्याशी दोन तास बोलला.

सहाच्या सहा जमली. हे सगळं माझ्या पाठपुराव्यामुळं झालं, हे नोंदवून ठेवतो.

११ मे
ऋतुजा घरी आली. तिला सगळं सांगितलं. तारामतीनंच सांगितलं, मी अधूनमधून दुरुस्ती केली. ओट्यावर ताटं उलटी मांडली. पोरीनं ॲप टाकलं, आईनं शब्द वाचून दाखवले. टायगर, विंडो, किचन, साल्ट, सगळे स्पष्ट. कधी शिकली कोण जाणे. म्हणाली, ऋतुजाच्या पहिलीपासून अभ्यास घेऊन राहिले, तुम्ही तेव्हा पॉलिसी विकायला जायचा.

उघडलं. दोघींना म्हटलं, आकडा बघून ओरडू नका, शेजारी ऐकतील.

ऋतुजानं बघितलं. मोबाईल आईकडं दिला. आईनंही बघितलं. मग दोघी एकदम हसायला लागल्या, इतक्या की ऋतुजा ओट्याला धरून खाली बसली.

हरिओमला फोन केला. तो म्हणाला, काका, ते कॉइन तर दोन वर्षांपूर्वीच बसलं, मला वाटलं तुम्ही विकलं असेल. म्हटलं, तूच म्हणालास बघायचं नाही. तो म्हणाला, मी पण नाही बघितलं.

जे उरलंय त्यात ताहेरभाईच्या दुकानात एक ताट येतं. नाव घालायचे पैसे वेगळे.

तरी ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे. चावी आता तीन माणसांना माहीत आहे, म्हणजे वारसाहक्काचा प्रश्न मी सोडवलाच. लोक संपत्ती आधी जमवतात आणि व्यवस्था नंतर लावतात. माझं उलटं झालं, इतकंच.

ऋतुजा म्हणाली, पप्पा, पेपर बरा गेलाय, एमडीचं आपण बघू. पोरगी समजूतदार आहे. माझ्यावर गेली.

१८ मे
तारामतीनं सांगून टाकलं, ही सहा ताटं आता घराबाहेर जाणार नाहीत. रोजच्या वापरात काढली.

आज रविवार, तिघं सोबत जेवायला बसलो. वरण, भाकरी, भेंडी. जेवण झाल्यावर ऋतुजानं आपलं ताट उलटं केलं: एक. तारामतीचं: दोन. तीन नंबर दह्यावर झाकण म्हणून होतं. चारमध्ये कणीक मळलेली. पाच खिडकीत, त्यावर तुळशीची कुंडी.

मी माझं ताट धुवायला नेताना सहज पाठ बघितली. सहा.

योगायोग असेल. संध्याकाळी जेवताना पुन्हा बघितलं. सहाच.

मी रुसणाऱ्यातला नाही. आक्कासारखं तर मुळीच नाही. पण नंबर कशावरून ठरवले, एवढं तरी तिनं मला आधी सांगायला पाहिजे होतं.