गवारीचा वाफा

बाबा, आज तुमचं पित्तर. तुमच्या पानात मी मुद्दाम सुकी भाकर आणि लाल चटणी वाढली, दुसरं काही नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको.

विलायतेला कापूस जाऊ लागला, भाव चढला आणि सगळ्या वऱ्हाडाने उंबऱ्यापर्यंत कपाशी पेरली, तेव्हाचं हे. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर मायचे वाफे होते. वांगं निघालं की त्या जागी गवार, गवारीमागून मेथी; एका जागी तेच पीक लागोपाठ तिने कधी लावलं नाही. "रोज तेच मांगतलं त मातीनं द्यावं कुठून?" ती म्हणायची आणि तुम्ही हसायचात. अजून दिसतं मला: तुम्ही फुलावर आलेल्या गवारीतून वखर फिरवताय आणि माय आडवी उभी आहे.

"एक वाफा त सोडा माह्यासाठी."

"भाजी बजारातून आनू ना! पाल्यासाठी काहून रडून राहिली?"

पण सगळ्यांनीच कपाशी लावलेली, बाजारात भाजी येणार कुठून? तुम्ही कापूस घेऊन अकोल्याला गेलात की तिकडेच चांगलंचुंगलं जेवून यायचात. घरी भाकर-चटणी. पुढे दिवेलागण झाली की माय दारावर आदळू लागली. वैद्य म्हणाले, रातांधळेपणा आहे, हिरवा पाला खाऊ घाला. तुम्ही म्हणालात, "सोंगं करून राहिली." वर्षामागून वर्ष त्याच मातीत कपाशी. शेवटी भाव पडला, माती दमली, मायला दिवसाही दिसेनासं झालं. तुम्ही मात्र धड डोळ्यांनी मेलात, याचा मला अजून संताप येतो. तुमच्यामागे मी वाफे पुन्हा पाडले. माय चाचपून सांगते, मी लावतो.

आज कावळा शिवेना. पानाकडे बघत छपरावर बसून राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कावळा शिवल्याशिवाय आपल्या घरात कोणी जेवत नाही. मायने बराच वेळ वाट पाहिली, मग चाचपत मागे जाऊन गवार खुडून आणली, सुनेकडून शिजवून घेतली आणि स्वतःच्या हाताने तुमच्या पानात वाढली. "तुह्या बापाले लय आवडे." कावळा लगेच उतरला आणि गवारीत चोच घातली.

"शिवला काय रे?"

"नाही, माय," मी म्हणालो.

"मंग अजून काई राहिलं असन त्याईचं," म्हणत ती पुन्हा वाफ्याकडे गेली आहे. दुपार कलली. हा कागद काही तुम्हाला पोचायचा नाही. तुमची सुटका तिला कळू नये म्हणून मी तिला उपाशी ठेवलं आहे, बाबा. उठून खरं सांगायला हवं. अजून उठलो नाही.